खाऱ्या वाऱ्यातलं घर : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आमच्या पाण्याकाठच्या जुन्या घराच्या दुरुस्तीबद्दल थोडंसं लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. काहींची घरं समुद्राला लागून आहेत, काहींची खाडीवर, एकदोघांची तळ्याकाठी. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेते.

आधी एक खुलासा. मी स्थापत्य अभियंता नाही. तेवीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. मावशीच्या पश्चात तिचं दगडी घर आमच्याकडे आलं, तेव्हा त्याचा अर्धा माळा खचलेला होता. मागच्या दारी उतरायला सात पायऱ्या आहेत, उधाणाच्या भरतीला पाणी खालून तिसऱ्या पायरीला लागतं. दुरुस्तीला नऊ वर्षं लागली. इथे जे सांगते आहे ते एक तर आमच्या हातून झालेलं आहे, नाही तर समोर उभं राहून करून घेतलेलं आहे. भिंत कलली असेल, तुळई वाकली असेल, पायाला भेग असेल, तर माझं उत्तर वाचत बसू नका. जुन्या बांधकामाचा अनुभव असलेला अभियंता आधी आणून दाखवा.

ताई, आजोबांचं घर समुद्रापासून चाळीस पावलांवर आहे. दगडी भिंतींचा गिलावा कमरेइतक्या उंचीपर्यंत सुटत चाललाय आणि भिंतीवर बुरशीसारखी पांढरी पूड येते. कंत्राटदार म्हणतो, सगळं खरवडून सिमेंटचा गिलावा करू, वरून वॉटरप्रूफ रंग मारू, दहा वर्षं बघायला नको. करू का?

नका करू. इतकं ठामपणे सांगते, कारण आम्ही नेमकं हेच केलं होतं.

घर हाती आल्याच्या पहिल्याच वर्षी पाण्याकडच्या भिंतीला बाहेरून आणि आतून कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा केला, वर रबरासारखा ताणला जाणारा रंग दिला. दोन वर्षं भिंत आरशासारखी होती. तिसऱ्या वर्षी बैठकीच्या खोलीत, गिलाव्याच्याही वर, छातीच्या उंचीवर ओल दिसायला लागली. तिथे पूर्वी कधी ओल नव्हती. खालच्या गिलाव्यावर बोटाने टकटक केलं तर पोकळ आवाज यायचा. मिस्त्रींनी छिन्नीचा एक ठोका दिला आणि परातीएवढा पापुद्रा अखंड सुटून आला. मागच्या दगडाचा चेहरा पीठ झाला होता. नखाने उकरला तर ओल्या साखरेसारखा सुटायचा. मी चिमूटभर जिभेवर ठेवलं, खारट होतं. मिस्त्री काही बोलले नाहीत, त्यांनी नुसता हात लावून तो दगड चाचपला. त्या दिवशी फार वाईट वाटलं. शंभराहून जास्त वर्षं खाऱ्या वाऱ्याला तोंड देऊन उभा राहिलेला दगड आमच्या दोन वर्षांच्या गिलाव्याने खाल्ला होता.

तुमच्या भिंतीवरची पूड बहुधा बुरशी नाही, लोणा आहे. म्हणजे मीठ. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. ते जमिनीतल्या ओलीबरोबर दगडाच्या बारीक छिद्रांतून वर चढतात आणि वाऱ्याबरोबर येणाऱ्या तुषारांतूनही भिंतीत शिरतात. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. साध्या मिठाची एक खोड लक्षात ठेवा. हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास वर गेली की ते हवेतलंच पाणी ओढून विरघळतं, आणि त्याखाली आली की पुन्हा त्याचे स्फटिक होतात. स्फटिक वाढताना छिद्राच्या कडांवर दाब देतो. दमट रात्र, कोरडी दुपार, पुन्हा दमट रात्र. एका वर्षात हे किती वेळा होत असेल बघा. कुठेही गळती नसताना भिंत ओली का दिसते, तेही यातच आलं.

मीठ भिंतीत असणारच, पाण्याकाठी त्याला इलाज नाही. प्रश्न एवढाच, की त्याचे स्फटिक कुठे व्हावेत. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो, दगडापेक्षा मऊ असतो. पाणी त्यातून बाहेर पडतं, मीठ त्याच्या अंगावर येतं, झीज तो स्वतः सोसतो. काही वर्षांनी तो काढायचा आणि नवा करायचा. सिमेंटचा गिलावा घट्ट, त्यावर रबरी रंग म्हणजे तर झाकणच. मग पाणी भिंतीच्या आतच अडकतं, वाट शोधत वर चढतं आणि स्फटिक दगडात होतात. गिलावा पुन्हा करता येतो, दगडाचं तसं नाही.

चुन्याबद्दल थोडं सांगते. चुनखडी साधारण 900 अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना होतो. तो पाण्यात विरवला की लोणी चुना होतो, आणि तोच भिंतीवर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश पुन्हा चुनखडी बनतो. ही तीन समीकरणं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिली. पण पिंपात कळीचा चुना पाण्यात पडल्यावर ते खदखदायला लागलं, तेव्हा मला पहिल्यांदा ती कळली असं वाटलं. विरवताना डोळ्यांवर चष्मा, हातात जाड मोजे आणि लांब दांड्याचं फावडं हवंच. कळी पाण्यात हळूहळू टाकायची, कळीवर पाणी ओतायचं नाही. चुन्याने डोळा जायला क्षणही लागत नाही.

सतत ओल्या जागी मात्र नुसता लोणी चुना घट्ट होत नाही, तिथे पाण्यातही धरणारा चुना लागतो. इंग्लंडच्या किनाऱ्यापुढे खडकावर एडिस्टोनचा दीपस्तंभ बांधायचा होता, तेव्हा जॉन स्मीटन यांनी 1756 पासून वेगवेगळे चुने पाण्यात घालून पाहिले. मातीचा अंश असलेल्या चुनखडीपासून केलेला चुना पाण्याखालीही आवळतो, हे त्यांना त्यातून कळलं. त्यात त्यांनी इटलीहून आणलेली ज्वालामुखीची राख मिसळली. 1759 मध्ये तो दिवा लागला. पुढे शंभरहून जास्त वर्षांनी त्याखालचा खडकच लाटांनी पोखरला म्हणून तो हलवावा लागला, स्तंभ धड होता. आपल्याकडे चुन्यात भाजलेल्या विटेची पूड, म्हणजे सुरखी, घालतात, ती याच कामाची. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट 1824 चं आहे. माझं सिमेंटशी वैर नाही, त्याच्या जागी ते उत्तम आहे. पण जी भिंत चुन्यात बांधली आहे तिच्या अंगावर चुनाच घाला.

आता करायचं काय? गिलाव्याला हात लावण्याआधी घराभोवती एक फेरी मारा. आमच्याकडे बाहेरची जमीन वर्षानुवर्षं भर पडून आतल्या फरशीपेक्षा वीतभर वर आली होती. जोतं मातीत गाडलं गेलं होतं. ती माती उपसली, भिंतीलगत चर खणून खडी भरली, गळकी पन्हळ बदलली. निम्मी ओल तेवढ्यानेच गेली. मग गिलावा काढून भिंत उघडी ठेवली आणि एक अख्खा कोरडा ऋतू काहीच केलं नाही. हा काळ सगळ्यात अवघड. घर भकास दिसतं, येणारा प्रत्येक जण विचारतो, काम थांबलं का? थांबलेलं नसतं, भिंत सुकत असते.

वर येणारं मीठ मऊ कुंच्याने कोरडं झाडून खाली कागदावर धरा आणि घराबाहेर न्या. पाणी मारून धुवू नका, धुतलं की ते परत आत जातं. फारच मीठ असेल तर लेप लावतात. कागदाचा लगदा आणि चिकणमाती शुद्ध पाण्यात कालवून भिंतीवर बोटभर जाड थापायचं. लेप सुकताना भिंतीतलं खारं पाणी स्वतःकडे ओढतो, पूर्ण सुकला की काढून टाकायचा. आम्ही तीनदा लावला. त्यानंतर चुन्याचा गिलावा तीन पातळ थरांत केला, प्रत्येक थरावर ओलं गोणपाट. घाईने सुकवला तर तो तडकतो आणि त्याची पूड होते.

छप्पर गळतंय, फरशी उखडलीय, खिडक्या लागत नाहीत. पैसे थोडेच आहेत. सुरुवात कुठून?

छप्परापासून. मग पन्हळी, मग घराभोवतीचा पाण्याचा निचरा, मग भिंती, सगळ्यांत शेवटी फरशी आणि रंग. छप्पर पूर्ण करण्याएवढे पैसे नसतील तर ताडपत्री नीट ताणून बांधा आणि थांबा. विल्यम मॉरिस यांनी 1877 मध्ये इंग्लंडमध्ये जुन्या इमारती जपण्यासाठी संस्था काढली. तिच्या जाहीरनाम्यातच म्हटलं आहे, की रोजच्या निगराणीने ऱ्हास थोपवावा. पन्हळीतला पाला वेळेवर काढणं ही त्यातली पहिली निगराणी. ते काम फुकट होतं आणि त्याने तुळया वाचतात.

पाण्याकडच्या ओसरीचे आठ लाकडी खांब बुडाशी कुजलेत. सुतार म्हणतो, आठही बदला, नाही तर लोखंडी घाला. शिवाय नाव लावायच्या धक्क्याचे पाण्यातले खांबही पोखरलेत. त्यांना वाळवी लागली असेल का?

आधी दाभण घ्या. खांबाला बुडापासून वर दर चार बोटांवर टोचत जा. जिथे दाभण लोण्यात शिरल्यासारखा जातो तिथे लाकूड गेलं, जिथे अडतो तिथे ते जिवंत आहे. खडूने रेघ मारा. आमच्या सहा खांबांत ही रेघ गुडघ्याच्या वर कुठेच गेली नाही. गुडघ्याखालच्या कुजीसाठी आख्खा खांब फेकायचा? वरचं दोन पुरुष उंचीचं लाकूड खणखणीत होतं, तसं जुनं, दाट रेषांचं लाकूड आज सहज मिळत नाही.

कुजवणाऱ्या बुरशीला पाणी लागतं. लाकडातला ओलावा वजनाच्या साधारण 20 टक्क्यांखाली राहिला तर ती वाढत नाही. म्हणून कुजकं कापून नवं जोडण्याआधी, पाणी तिथे का थांबत होतं ते शोधा. आमचे खांब मुळात दगडी तळखड्यावर उभे होते. मधल्या काळात कोणीतरी ओसरीला सिमेंटची लादी करताना तळखडे बुजवून टाकले आणि खांबांची बुडं लादीत चिणली. त्या वाटीत पाणी साचत राहिलं आणि लाकडाचा छेद ते स्ट्रॉने प्यावं तसं पीत राहिला. लादी फोडून तळखडे मोकळे केल्यावर खांबांना परत हवा लागली.

आमच्या सुतारकाकांनी खांबाला टेकू देऊन खालचा भाग लांब तिरकस कापला आणि त्याच जातीचं सुकं लाकूड तसंच तिरकस कापून त्याला सांधलं. सांधा खांबाच्या जाडीच्या तिपटीहून लांब होता, आणि उतार असा की वरून आलेलं पाणी बाहेर ओघळावं. नवा तुकडा रंगवून लपवायचा का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "कशाला? पुढच्याला कळू दे, कुठवर जुनं आहे." जगभरातले जाणकार 1964 मध्ये व्हेनिसमध्ये जमले आणि जुन्या वास्तूंसाठी एक सनद लिहिली. बदललेला भाग एकूण रूपाशी जुळावा, पण मूळ भागापासून वेगळा ओळखूही यावा, असं तिच्यात आहे. काकांनी ती वाचलेली नव्हती.

हेच काम चालू असताना एक खांब पूर्ण उतरवावा लागला. वरच्या तुळईत बसणारी त्याची जीभ बाहेर आली, तिच्यावर पटाशीने मारलेल्या तीन रेघा होत्या. शिडीवर चढून तुळईच्या खाचेत पाहिलं, तिथेही तीन रेघा. शेजारच्या खांबाच्या सांध्याशी चार. ज्याने हे घर जोडलं त्याने जमिनीवर सगळं बसवून पाहिलं होतं, खुणा केल्या होत्या आणि मग वर चढवलं होतं. त्याचं नाव कुठेच नाही. काकांनी खांब परत बसवताना त्या रेघा जपल्या, आणि नव्या तुकड्याच्या सांध्यात, आतल्या बाजूला, आपल्याही दोन रेघा मारल्या.

धक्क्याच्या खांबांचं वेगळं आहे. खाऱ्या पाण्यात वाळवी नसते. ते बहुधा जहाजकिड्याचं काम. नावात किडा असला तरी तो शिंपल्याच्या कुळातला प्राणी आहे, अंगाने लांब, आणि डोक्याशी असलेल्या दोन छोट्या शिंपल्यांनी लाकूड किसत आत जातो. बाहेर टाचणीच्या डोक्याएवढं भोक, आत करंगळी जाईल एवढा बोगदा. 1730 च्या दशकात याने हॉलंडच्या समुद्रबांधांचं लाकूड इतकं पोखरलं की तिथे लाकडाच्या जागी दगड घालावे लागले. म्हणून बाहेरून धड दिसणाऱ्या खांबावर विसंबू नका. ओहोटीला हातोडीने ठोकून आवाज ऐका आणि खात्री होईपर्यंत धक्क्यावर मुलांना जाऊ देऊ नका. चिखलात पूर्ण गाडलेल्या लाकडाला मात्र हवा मिळत नाही, त्यामुळे ते शतकानुशतकं टिकतं. व्हेनिसच्या इमारती अशाच लाकडी खुंटांवर उभ्या आहेत. सर्वाधिक धोका भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्याला, तिथेच आधी बघा.

खिडक्यांचे गज, बिजागऱ्या, खिळे दर दोन वर्षांनी गंजतात. मागच्या खेपेला स्टेनलेस स्टील घेतलं, त्यावरही तपकिरी डाग आले. फसवलं का?

फसवलंच असेल असं नाही. बाजारात सहज मिळतं ते बहुतेक 304 जातीचं, खाऱ्या हवेत त्यावर डाग पडतात. 316 मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते क्षारापुढे जास्त तग धरतं. घेताना जात विचारून पावतीवर लिहून घ्या, आणि तेही महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने पुसा.

पण मला जास्त काळजी दगडात रोवलेल्या लोखंडाची वाटते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आणि ती जागा दगड फोडूनच मिळते. आमच्या एका खिडकीच्या उंबऱ्याचा कोपरा असाच उडाला होता. आत पाहिलं तर बोटाएवढा गज मनगटाएवढा फुगलेला. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर, म्हणजे प्राचीन मंदिरांच्या टेकडीवर, याचा मोठा धडा आहे. प्राचीन ग्रीकांनी संगमरवराचे ठोकळे लोखंडी पट्ट्यांनी जोडले, पण पट्टी शिशाच्या आवरणात बसवली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दुरुस्तीत तसं आवरण न देताच लोखंड वापरलं गेलं. ते गंजून फुगलं आणि अडीच हजार वर्षांचा संगमरवर तडकला. 1975 पासून तिथे पुन्हा काम हाती घेतलं, ते लोखंड काढून टायटेनियम बसवायला सुरुवात झाली. जुनी चूक दुरुस्त करणं हाच आज त्या कामाचा मोठा भाग झालाय, हे वाचल्यावर मी आमच्या घरातलं प्रत्येक नवं लोखंड दोनदा विचार करून घालायला लागले.

दोन वेगळे धातू एकमेकांना लागून ठेवू नका. ब्रिटिश आरमाराने 1761 मध्ये 'अलार्म' नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा मारला, जहाजकिडा लागू नये म्हणून. दोन वर्षांत पत्रा ठीक होता, पण तो धरून ठेवणारे लोखंडी खिळे खाल्ले गेले होते. खारं पाणी मध्ये आलं की दोन धातूंचा विजेरी घट होतो आणि त्यात लोखंड झिजतं. पितळी बिजागरीला पितळीच स्क्रू लावा.

जुना रंग मशीनने घासून काढला तर चालेल का? घरात दोन वर्षांचा नातू आहे.

नातू घरात असताना नाही. जुन्या तेली रंगांत शिसं असण्याची दाट शक्यता असते आणि कोरडं घासलं की त्याची धूळ घरभर होते. लहान मुलांच्या मेंदूला ती फार घातक. रंगाचा नमुना तपासून घ्या. शिसं निघालं तर ओलं करून खरवडा, मास्क लावा, खरवडलेलं सगळं गोळा करून बंद पिशवीत भरा आणि ते काम होईपर्यंत मुलाला दुसरीकडे ठेवा. छपराचे जुने नाळीदार पत्रे ॲस्बेस्टॉसचे असतील तर ते स्वतः फोडू नका, कापू नका, त्यासाठी प्रशिक्षित माणसं बोलवा.

मी 66 वर्षांचा आहे. वडिलांचं घर दुरुस्त करायला काढलं तर मुलगा म्हणतो, बाबा, समुद्र वर येतोय, पन्नास वर्षांनी हे घर पाण्यात असेल, पैसा आणि तब्येत घालवू नका. मला उत्तर सुचत नाही.

काका, तुमचा मुलगा चुकीचं बोलत नाही. 1901 ते 2018 या काळात जगातल्या समुद्रांची सरासरी पातळी 20 सेंटिमीटर वाढली आणि वाढीचा वेगही वाढतोय. 2006 ते 2018 मध्ये तो वर्षाला 3.7 मिलिमीटर होता. मिलिमीटर ऐकायला लहान वाटतो, पण त्यावर उधाण आणि वादळ चढतं. 4 नोव्हेंबर 1966 ला व्हेनिसमध्ये पाणी नेहमीच्या मोजमापाच्या शून्यापासून 194 सेंटिमीटर वर गेलं होतं.

म्हणून आधी वाद बाजूला ठेवून दोघे मिळून मोजमाप करा. वर्षातल्या सर्वांत मोठ्या उधाणाच्या दिवशी काठावर जा, पाणी कुठवर आलं तिथे खूण करा आणि तिथून तुमच्या जोत्यापर्यंतची उंची पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने मोजा, तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहतं. दोघांनी नळीची दोन टोकं धरायची. मग काठ बघा. दरवर्षी जमीन ढासळतेय का? झाडांची मुळं उघडी पडतायत का? ढासळत असेल तर खरं सांगते, त्या घरात पैसा घालू नका. खांब, दारं, कौलं उतरवून मागच्या उंच जागेवर नेता आली तर न्या. काठाला परस्पर भिंत बांधून हा प्रश्न सुटत नाही. तिच्यावर आपटलेली लाट शेजाऱ्याची जमीन ओढते, आणि पाण्याकाठी काहीही बांधायचं तर परवानगी लागतेच.

काठ पक्का असेल आणि उंची पुरेशी असेल, तर घर असं दुरुस्त करा की उद्या पाणी आत आलं तरी ओसरल्यावर सुकेल. खालच्या मजल्याचे विजेचे बोर्ड छातीच्या वर, मीटर माळ्यावर. खाली दगडी फरशी आणि चुन्याचा गिलावा, फळ्यांची किंवा प्लायवुडची पार्टिशनं नकोत. सांडपाण्याच्या नळीला पाणी उलटं शिरू न देणारी झडप. फर्निचर दोन माणसांना उचलून वर नेता येईल असंच. आमच्या घरात नऊ वर्षांत एकदा पाणी आलं, घोट्याएवढं. गोड्या पाण्याने धुतलं, दारं-खिडक्या उघड्या टाकल्या, तीन आठवड्यांत फरशी कोरडी झाली.

पन्नास वर्षांचं उत्तर माझ्याकडे नाही. वीस-पंचवीस वर्षं ते घर कोरडं आणि नांदतं राहणार असेल तर मला ती थोडी वाटत नाहीत. पण तब्येतीचं मात्र मुलाचं ऐका. शिडीवर तुम्ही चढू नका.

तुमच्या लेखात त्रासच जास्त होता. नऊ वर्षं, एवढा खर्च, एवढी धूळ. यातून मिळालं काय?

हा प्रश्न एका कॉलेजमधल्या मुलीने विचारलाय, त्यामुळे मी त्यावर दोन दिवस विचार केला.

मावशीच्या हयातीत पाण्याकडच्या खोलीची खिडकी कधी उघडली नाही. चौकट फुगून घट्ट बसली होती, वर रंगाचे थर. ती खोली कायम कुबट असायची आणि मावशीला खोकला असायचा. चौकट उतरवली, खालचा कुजका भाग बदलला, खिडकीखालच्या दगडाला खालच्या अंगाला बारीक खोबण पाडली. पाणी भिंतीकडे न ओघळता त्या खोबणीपाशी थेंब होऊन खाली पडतं. आता ती खिडकी एका बोटाने उघडते. पहिल्यांदा उघडली तेव्हा सुतारकाका, मिस्त्री आणि मी तिघेही तिथेच उभे राहिलो, वारा आत येत होता. मावशी हवी होती, असं मिस्त्री म्हणाले. त्यांनी तिला पाहिलेलं नव्हतं.

आणि एक वही आहे. भिंत उघडी केली त्या वर्षापासून, झाडून निघालेलं मीठ मी तराजूवर तोलते आणि तारखेसकट लिहून ठेवते. शिक्षिकेची सवय. पहिल्या ऋतूत पाण्याकडच्या त्या एका भिंतीतून दोन किलो तीनशे ग्रॅम निघालं होतं, त्यात दगडाची भुकटीही होती. तिसऱ्या लेपानंतर चारशे दहा. नंतर दीडशे, नव्वद. या वर्षी कोरडा ऋतू लागला तसा मी कुंचा घेऊन बसले, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश झाडलं, कागद दुमडून तराजूवर ठेवला. साठ ग्रॅम. बोटात घेऊन चोळून पाहिलं, त्यात दगडाचा एक कणही नव्हता.